परवान्याशेजारची जागा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड,
अलिबाग.



मी विचुंब्यात राहते. नवीन पनवेलच्या पूर्वेला गाढी नदी ओलांडली की आमचं गाव लागतं. ‘गाव’ हा शब्द आता ग्रामपंचायतीच्या पाटीवर आणि जुन्या माणसांच्या तोंडात उरलाय. २०१३ साली आम्ही नैनाच्या, म्हणजे नवी मुंबई विमानतळाच्या प्रभावक्षेत्राच्या, हद्दीत आलो. भाताच्या खाचरांत इमारती उगवायला त्याआधीच सुरुवात झाली होती. प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर गाळे आणि गाळ्यांचा क्रमही जवळजवळ ठरलेला: किराणा, मोबाइल दुरुस्ती, पोळी-भाजी केंद्र, मेडिकल. गेली सव्वीस वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे, आधी पनवेल शहरात आणि आता घराजवळ.

आमच्या दुकानात मालक, मी, दोन सेल्समन आणि डिलिव्हरीचा एक मुलगा अशी पाच माणसं. शेजारच्या मेडिकलमध्ये चार, रस्त्यापलीकडे तीन. हा हिशेब मी मुद्दाम मांडतेय, तो पुढे लागणार आहे.

माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. वय तेवीस, डी. फार्म. झालेली, हुशार. डॉक्टरांचं अक्षर तिला माझ्यापेक्षा चांगलं लागतं. ती ज्या मेडिकलमध्ये होती त्याचं नाव सांगत नाही, ते आपल्या पनवेल तालुक्यातलंच आहे एवढं पुरे. दुकान मालकाचा मुलगा चालवायचा. तोही अविवाहित, बोलायला गोड. आधी चहा एकत्र, मग रात्री साडेदहाला शटर पडलं की गाडीवरून घरापर्यंत सोडणं, मग सुट्टीच्या दिवशी कर्नाळ्याला. यात कुणी कुणाला फसवलं नव्हतं. ती स्वतः मला सांगते, ‘ताई, मला आवडत होता तो.’

सहा-सात महिन्यांनी तिला आवडेनासा झाला. तिने ‘पुरे’ म्हटलं. एवढंच घडलं.

त्यानंतर तिची साप्ताहिक सुट्टी रविवारवरून बुधवारवर गेली. दुकान बंद करायची पाळी रोज तिच्याकडे आली. रॅकमध्ये एक्सपायरीची स्ट्रिप सापडली की गिऱ्हाइकासमोर तिचं नाव घेतलं जाऊ लागलं. अधूनमधून मोबाइलवर निरोप यायचा: परत ये, सगळं पहिल्यासारखं होईल. शेवटी तिने राजीनामा दिला, तर उत्तर मिळालं की दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत नाव काढता येणार नाही.

आता हे ‘नाव काढणं’ काय असतं ते सांगायला हवं. औषधांच्या दुकानाला परवाना मिळायला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालचे नियम सांगतात की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं. म्हणून आमचं नाव अन्न व औषध प्रशासनाच्या नोंदीत त्या दुकानाशी बांधलेलं असतं आणि आमचं सर्टिफिकेट फ्रेम करून तिथल्या भिंतीवर लागतं. एका वेळी एकाच दुकानात. जुन्या दुकानावरून नाव उतरल्याशिवाय नव्या दुकानावर चढत नाही. किराणा दुकानातली मुलगी वैतागली तर दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात उभी राहू शकते, आमचं तसं नाही. ही मुलगी दोन महिने घरी बसून होती आणि तिचं सर्टिफिकेट भिंतीवर लटकून कामावर होतं. त्या दोन महिन्यांत त्या काउंटरवरून एखादं चुकीचं औषध गेलं असतं, तर कागदोपत्री देखरेख कुणाची होती? तिचीच.

तिची आई मला म्हणाली, ‘तिने असं कामाच्या ठिकाणी मन गुंतवायलाच नको होतं.’ आईचं चुकलं असं मी म्हणत नाही, आयांना हेच बोलावं लागतं. मला मात्र ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण थोडं खासगी आहे.

मीही काउंटरवरच जमवलं. पनवेलच्या बाजारात कामाला लागून वर्षभर झालं होतं. होलसेलरकडून ऑर्डर घ्यायला एक मुलगा यायचा. मी शॉर्टबुक, म्हणजे संपलेल्या मालाची वही, वाचून दाखवायची, तो लिहून घ्यायचा. खोकल्याच्या एका सिरपचं नाव तो दर खेपेला दोनदा विचारायचा. मला वाटलं, ऐकायला कमी येतं बिचाऱ्याला. चार महिन्यांनी उलगडा झाला. आमच्या लग्नात ते सिरप बनवणाऱ्या कंपनीचा एमआर जेवून गेला, त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं.

ही गंमत झाली. पण लग्नाआधीची एक गोष्ट मी कधी विसरले नाही. आमचं ठरतंय असं दिसताच त्याने आपल्या शेठला सांगून लाइन बदलून घेतली. पनवेल बाजार सोडून उरणची लाइन घेतली. मी रुसले होते, रोजची भेट गेली म्हणून. तो म्हणाला, ‘तुझ्या दुकानाची एक्सपायरी मी परत नेतो, क्रेडिट नोट मी आणतो, स्कीमचा माल कुणाकडून घ्यायचा ते तू मालकाला सुचवतेस. उद्या एका बिलाचा घोळ झाला तर तुझा मालक काय म्हणेल?’ त्याला कुणी आचारसंहिता शिकवली नव्हती, बारावी नापास माणूस. पण माणूस आवडणं एका बाजूला आणि त्याच्या हातातली वही दुसऱ्या बाजूला, हे त्याला कळत होतं.

त्या मुलीची गोष्ट आणि माझी गोष्ट यांत फरक प्रेमाचा नाहीच. माझा पगार तो देत नव्हता, माझी सुट्टी ठरवत नव्हता, माझं सर्टिफिकेट त्याच्या भिंतीवर नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर फार तर आमच्याकडे पॅरासिटामॉल दोन दिवस उशिरा आलं असतं.

मोठ्या कंपन्या याला नियमांनी बांध घालतात. हाताखालच्या माणसाशी संबंध जुळले तर कळवा, मग आम्ही कुणाची तरी बदली करू. २०१३ मध्ये आयगेट या सॉफ्टवेअर कंपनीने आपल्या प्रमुखाला काढलं, तेव्हा हाताखालच्या कर्मचाऱ्याशी असलेलं नातं त्याने कळवलं नाही असं कारण जाहीरपणे दिलं होतं. ब्रिटनमध्ये तर फार्मासिस्टांच्या नियामक संस्थेने २०१७ च्या मानकांत लिहूनच टाकलंय की रुग्णांशी आणि इतरांशीही वागताना खासगी आणि व्यावसायिक मर्यादा पाळायच्या. ‘इतरांशीही’ या शब्दात शेजारी उभा असलेला सहकारी येतो. छान आहे. पण कळवा म्हणजे कुणाला? आमच्याकडे मनुष्यबळ विभाग म्हणजे मालक, आणि मालक म्हणजे मुलाचा बाप. बदली कुठे करणार, सिरपच्या रॅकवरून मलमांच्या रॅकवर?

बंदी घाला असंही कुणी म्हणेल. माझा बंदीवर विश्वास नाही. सकाळी नऊ ते रात्री साडेदहा, आठ फूट बाय पंधरा फुटांच्या गाळ्यात दोन तरुण माणसं वर्षानुवर्षं उभी राहणार आणि त्यांच्यात काही होणारच नाही असा फतवा काढता येतो, पाळता येत नाही. बंदी घातली की गोष्ट लपते आणि लपलेल्या गोष्टीत दुबळ्याचंच नुकसान होतं.

म्हणून हे पत्र आपल्याला. केमिस्ट असोसिएशनला लिहिलं नाही, कारण असोसिएशन मालकांची आहे. फार्मसी कौन्सिलला लिहीन, पण तिच्या हातात आमची नोंदणी आहे, दुकानाचा मालक नाही. त्यातले कितीतरी मालक फार्मासिस्टच नाहीत. राहता राहिला कायदा, आणि कायद्याने हे काम आपल्या कार्यालयाकडे दिलंय.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा आपल्याला मी काय सांगावा. पण हे पत्र माझ्या क्षेत्रातल्या मुलीही वाचतील, त्यांच्यासाठी सांगते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांचा कायदा व्हायला सोळा वर्षं लागली. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी मालकाने अंतर्गत समिती नेमायची, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ऑफिसात पाट्या असतात, वर्षातून एकदा प्रशिक्षण असतं, चहा-सामोसे असतात. पण दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर? कुंपणच शेत खात असेल तर राखणदार कोण? त्यासाठी याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्याला स्थानिक समिती आहे. ती नेमायची जबाबदारी ज्या ‘जिल्हा अधिकाऱ्या’वर आहे, तो आपल्याच कार्यालयात बसतो. शिवाय तक्रारी घेण्यासाठी प्रत्येक तालुक्यात एक समन्वय अधिकारी नेमायचा असतो आणि त्याने सात दिवसांत तक्रार समितीकडे पाठवायची असते.

म्हणजे आमच्यासारख्या पाच माणसांच्या दुकानांची समिती आपणच आहात. किराणा, ब्यूटी पार्लर, क्लिनिक, झेरॉक्स, मेडिकल, या सगळ्यांची.

माझ्या सव्वीस वर्षांत मी एकाही मेडिकलच्या भिंतीवर या समितीचं नाव पाहिलेलं नाही. परवाना पाहिलाय, सर्टिफिकेट पाहिलंय, ‘उधार मागू नये’ पाहिलंय, साईबाबा आणि धन्वंतरी पाहिलेत. त्या मुलीला मी विचारलं, तुला ठाऊक होतं का? ती म्हणाली, ‘ते कंपन्यांमध्ये असतं ना?’ मी तिला म्हटलं, अगं आपल्यासाठीही असतं, अलिबागला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आपल्याला सांगते, राग मानू नका. ‘अलिबागसे आया है क्या’ हा टोमणा अलिबागकरांचा अपमान आहे म्हणून २०१९ मध्ये एक गृहस्थ उच्च न्यायालयात गेले होते आणि न्यायालयाने तो विनोद विनोदासारखा घ्या म्हणून याचिका फेटाळली. मला त्या गृहस्थांचं दुःख कळतं. पण आठवड्याला एक सुट्टी असलेल्या, तीही बुधवारी, मुलीला पनवेलहून पेण, पेणहून वडखळ, वडखळहून अलिबाग असा प्रवास करून घरी संशय न येता परत यायचं असेल, तर तिच्या दृष्टीने अलिबाग फार लांब आहे. तालुक्यातला समन्वय अधिकारी याच अंतरासाठी आहे. त्याचं नाव आणि फोन तिला दिसायला हवा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयही थकलंय असं वाटतं. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्धच्या तक्रारीचा खटला २०२३ च्या मे महिन्यात निकाली निघाला, तेव्हा न्यायालयाने म्हटलं की कायदा होऊन दशक उलटत आलं तरी अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत. पुढे त्याच खटल्यात ३ डिसेंबर २०२४ रोजी तारखा घालून आदेश निघाले: महिनाअखेरपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी नेमा, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समित्या करा, तालुक्यातालुक्यात समन्वय अधिकारी नेमा. समितीची फाईल त्यामुळे आपल्याकडे नक्कीच पूर्ण असेल. मला फाईलची काळजी नाही. फाईल अलिबागला असते आणि शटर विचुंब्यात पडतं.

त्याच खटल्याची दुसरी बाजू आमच्या मालकांना सांगायला मला आवडते. ते मला विचारतात, ‘ताई, उद्या कुणी पगारवाढ दिली नाही म्हणून खोटं लिहून दिलं तर?’ प्रश्न वाईट नाही. माणसं सगळ्या प्रकारची असतात. मी त्यांना सांगते, गोव्याच्या त्या प्रकरणात न्यायालयाने प्राध्यापकाविरुद्धची कारवाईच रद्द केली होती, कारण समितीने घाईघाईत चौकशी उरकली, त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. चौकशी नव्याने करायला लावली. म्हणजे समितीला काम येत नसेल तर तक्रार करणारीही अडकते आणि ज्याच्यावर तक्रार आहे तोही. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कारवाईची तरतूद याच कायद्यात आहे, मात्र तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणजे ती खोटी होती असं धरायचं नाही, हेही त्याच कलमात आहे. मालक म्हणाले, ‘हे बरं आहे.’ मग त्यांनी मला बिलं चेक करायला बसवलं.

आता मुदतीचं. तक्रार तीन महिन्यांत करायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. कागदावर हे पुरेसं दिसतं. त्या मुलीचं काय झालं पाहा. पहिला महिना हे चाललंय ते छळ आहे की आपलंच काही चुकतंय, यात गेला. एकदा हो म्हटलेल्या मुलीला नंतरच्या ‘नाही’चा हक्क असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. कायदा मात्र स्पष्ट आहे: नकोशी वागणूक ती नकोशी, मग ती कधीकाळी हवीशी का असेना. ‘परत ये, सगळं नीट होईल’ या निरोपात नोकरीतल्या सवलतीचं आमिष आहे, आणि कायद्यात त्याचा सरळ उल्लेख आहे. पुढचे दोन महिने सर्टिफिकेट सुटण्याची वाट पाहण्यात गेले. तोवर तक्रार केली तर ते अडकवून ठेवतील ही भीती. सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा तीन महिने होऊन गेले होते. तिने पुढे काही केलं नाही. नव्या दुकानात लागली, आता खारघरला जाते, रोज दोन रिक्षा बदलून.

पोलिसात का गेली नाही, असा प्रश्न येतोच. भारतीय न्याय संहितेत कलमं आहेत, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचीही आहेत. पण तिला त्या मुलाला तुरुंगात पाठवायचं नव्हतं. तिला तिचं सर्टिफिकेट, तिचा रविवार आणि चांगला दाखला हवा होता. इतक्या छोट्या मागणीसाठी आपल्या समितीइतकी योग्य जागा दुसरी नाही. चौकशी चालू असताना तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते, बदली करता येते. आमच्या बाबतीत बदलीला अर्थ नाही हे वर म्हटलंच. पण सर्टिफिकेट तातडीने मोकळं करा, अशी शिफारस समितीने अन्न व औषध प्रशासनाला केली तर तीच आमची बदली.

इथवर काउंटरच्या आतलं झालं. काउंटरच्या बाहेरची बाजूही मी लपवणार नाही, कारण ती लपवली तर हे पत्र एकतर्फी होईल. तिथे दोषी आम्ही असतो.

मेडिकलवाल्याला गावाचं गुपित ठाऊक असतं. प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी कुणी नेली, कुणाची मानसिक आजाराची गोळी दरमहा चालू आहे, कोणाच्या घरी टीबीचं औषध येतं. आम्ही या वस्तू कागदात गुंडाळून देतो, आणि ती गुंडाळण्याची रीतच आमची शपथ आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन लिहिलेलंही आहे. पण आता ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते. शेड्यूल एच-वनच्या रजिस्टरमध्ये कायदा फक्त रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव-पत्ता, औषध आणि संख्या मागतो, आणि ते तीन वर्षं जपायला सांगतो. फोन नंबर मागत नाही. नंबर आम्ही घेतो, घरपोच द्यायचं म्हणून.

काही वर्षांपूर्वी मी ज्या दुकानात होते तिथल्या एका सेल्समनने अशाच ऑर्डरमधला नंबर काढून एका बाईला ‘गुड मॉर्निंग’ धाडायला सुरुवात केली. फुलं, गुलाब, मग ‘तुम्ही एकट्या राहता का’. बाई दुकानात आल्या, ओरडल्या नाहीत. माझ्यासमोर मोबाइल ठेवला आणि म्हणाल्या, ‘माझी औषधं याला ठाऊक आहेत, म्हणून मला जास्त भीती वाटते.’ ते वाक्य मी सेल्समनला जसंच्या तसं ऐकवलं. त्याला खरंच कळत नव्हतं की त्याने काय केलं. ‘फक्त गुड मॉर्निंग तर होतं ताई.’ त्याला काढलं नाही, डिलिव्हरीवरून हटवलं, आणि ऑर्डरचा मोबाइल तेव्हापासून दुकानाबाहेर जात नाही. दुकानाचा वेगळा नंबर घेतला. हे सगळं आम्ही आमच्या अकलेने केलं. त्या बाई मात्र पुन्हा आल्या नाहीत. आता त्या दुसऱ्या मेडिकलमधून औषधं घेतात, आणि तिथे नंबर मागितला तर काय करतात हे मला विचारवत नाही.

डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाशी अनुचित संबंध हा शिस्तभंग म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. मेडिकलच्या काउंटरवर चार माणसं असतात आणि त्यांतल्या एकालाच, फार्मासिस्टला, आचारसंहिता लागू असते. नंबर मात्र चौघांकडेही असतो.

मुलींच्या बरोबरीने माझ्या डोक्यात शिकाऊ मुलं-मुली आहेत. डी. फार्म.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाचशे तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, किमान तीन महिने. कॉलेजचं पत्र घेऊन ती दुकानात येतात, आणि तासांच्या फॉर्मवर सही करतो तो दुकानातला माणूस. सही अडली तर नोंदणी अडली. पगार नाही, सुट्टी नाही, सहीसाठी हसून बोलायचं. एकोणीस-वीस वर्षांची पोरं. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊही कर्मचारीच आहे, त्यामुळे आपल्या समितीचं दार तिलाही उघडं आहे. हे तिला कॉलेजच्या पत्रातच कळायला हवं. आपल्या जिल्ह्यात फार्मसीची कॉलेजं कमी नाहीत. त्यांना एक परिपत्रक काढायला कागद किती लागेल?

माझं मागणं मोठं नाही. समितीचं नाव, पनवेल तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याचं नाव आणि फोन, मराठीत आणि हिंदीत, एका कागदावर. तो कागद प्रत्येक मेडिकलमध्ये परवान्याच्या शेजारी. परवाना कुठे लावायचा हे कुणाला विचारावं लागत नाही, तो दर्शनी भागात असतो, औषध निरीक्षक आला की पहिली नजर तिथेच टाकतो. मग फ्रिजचं तापमान बघतो, एच-वनचं रजिस्टर चाळतो. त्याच नजरेत हाही कागद बघावा एवढं आपण अन्न व औषध प्रशासनाला लिहावं. निरीक्षकांवर आधीच कामाचा डोंगर आहे, मला माहीत आहे. पण या कागदावर त्याला सहीसुद्धा करायची नाही, तो आहे की नाही एवढंच बघायचंय.

आणखी एक. स्थानिक समितीत एक सदस्य तालुक्यात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत काम करणाऱ्या बायकांमधून नेमायची असते. या जागेवर बहुतेकदा शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात असा माझा समज आहे, आणि त्या उत्तम काम करत असतील. पण कधीतरी काउंटरवर उभं राहणारी बाई घ्या. पार्लरमधली घ्या, कापड दुकानातली घ्या, मेडिकलमधली घ्या. शटर पडल्यावर आत दोघंच उरणं म्हणजे काय, आणि हिशेब जुळेपर्यंत बाहेर पडता न येणं म्हणजे काय, हे तिला समजावून सांगावं लागणार नाही.

मी स्वतःचं नाव पुढे करत नाही. माझे गुडघे आता अलिबागच्या एसटीचे नाहीत.

दर २५ सप्टेंबरला, जागतिक फार्मासिस्ट दिनाला, आमच्या तालुक्यात कार्यक्रम होतो. गुलाब मिळतो, पेन मिळतं, भाषण होतं. गेल्या वेळी भाषणानंतर मी उठून विचारलं, स्थानिक समितीबद्दल कुणाला माहीत आहे का? सभागृहात चाळीसेक जण असतील, निम्म्या मुली. एक हात वर झाला. तो हात खारघरला जाणाऱ्या त्या मुलीचा होता, आणि तिला ते मीच सांगितलं होतं.

हे पत्र लिहायला घेतलं त्या दिवशी मी आमच्या दुकानातली भिंत नीट पाहिली. परवाना, त्याखाली माझं सर्टिफिकेट, शेजारी एका औषध कंपनीचं कॅलेंडर. कॅलेंडर गेल्या वर्षीचं निघालं, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मालकांना विचारून मी ते काढून ठेवलंय. खिळा शाबूत आहे. कागद कुठल्या आकाराचा येणार तेवढं आपल्या कार्यालयाने कळवलं, तर फ्रेम मी आधीच करून ठेवीन.

आपली विश्वासू,
विचुंब्यातली एक नोंदणीकृत फार्मासिस्ट